रफूवालीचा कालवा

आत्याच्या कालव्याला उलटं वाहायला लावलं ते मी. त्यासाठी इंजिनियर व्हावं लागत नाही. पारदर्शक फिल्मची चकचकीत बाजू वर ठेवायची असताना खाली ठेवली, की काम झालं. प्रिंटिंगवाल्यानं मला दोनदा बजावलं होतं. दुसऱ्यांदा तो बजावत होता तेव्हा मी फोनवर एका गिऱ्हाइकाला पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं हे समजावून सांगत होतो, आणि ते गिऱ्हाईक ऐकायला तयार नव्हतं. त्या गडबडीत डावीकडून उजवीकडे जाणारं पाणी कापडावर उजवीकडून डावीकडे निघालं. आत्यानं त्यावर कित्येक आठवडे सुई चालवली आणि तिच्याही ते लक्षात आलं नाही. तिच्या का लक्षात आलं नाही, हे कळायला आधी आत्या कळायला हवी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या भागात तिला सगळे रफूवाली म्हणतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लाँड्री आहे. पुढे काउंटर, मधे इस्त्रीची टेबलं, मागे धुण्याचा हौद, आणि हौदाशेजारी एक खिडकी. त्या खिडकीखाली आत्याची खुर्ची. लाँड्रीचे मालक बदलले, मशिनं बदलली, इस्त्रीवाले तर वर्षाला बदलतात. खुर्ची तिथेच आहे. तिला रफू शिकवलं ते आताच्या लाँड्रीवाल्याच्या वडिलांनी. त्यांचं म्हणणं असं, की बाजारातला दोरा कितीही जुळवून आणा, कापडात तो पाहुणाच दिसतो. म्हणून दोरा घरचा काढायचा. पँटला भोक पडलंय तर त्याच पँटच्या आतल्या दुमडीतून चार धागे उसवायचे आणि कापड उलटं धरून, एक वर एक खाली, असे विणत जायचे. काम सगळं उलट्या बाजूनं. सुलट बाजू फक्त शेवटी बघायची, तीही गिऱ्हाइकानं.

या धंद्याची गंमत अशी, की काम चांगलं झालं तर ते कोणाला दिसत नाही, आणि दिसलं तर ते चांगलं झालेलं नसतं. लोक येतात, पँट उजेडात धरतात, आतून-बाहेरून चाचपतात आणि विचारतात, "भोक नक्की होतं कुठे?" आत्या मान वर न करता म्हणते, "नव्हतंच." एवढंच तिचं प्रशस्तिपत्र. माणूस भेटला की तिची नजर आधी त्याच्या कोपरांकडे जाते, मग चेहऱ्याकडे. माझ्या मित्रांना ती चेहऱ्यानं ओळखत नाही, पण कोणाचा शर्ट खांद्यात उसवत आलाय हे पक्कं लक्षात ठेवते.

तिचं लग्नही या धंद्यातूनच जमलं. कालव्यावर दरवाजे उघडायला-लावायला एक माणूस नेमलेला असे. त्याची सरकारी पँट दरवाज्याच्या चाकात अडकून गुडघ्याशी फाटली. आत्यानं ती रफू केली. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, मला रफू सापडत नाही, तुम्ही पँट बदलली असणार. काम दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेलं तिच्या आयुष्यातलं हे एकच गिऱ्हाईक. तिनं त्याला टाका दाखवला. त्यानं तो मान्य केला नाही. ती तक्रार पुढे वर्षभर चालू राहिली आणि मग घरच्यांनीच काय ते मिटवून टाकलं. ते आमचे आतोबा.

आतोबांचं काम म्हणजे पाण्याकडे बघत बसणं. कालव्याच्या काठावर पत्र्याची एक केबिन, तिला एक खिडकी, खिडकीसमोर पाणी आणि पाण्यात उभा एक लोखंडी खांब. पाणी खांबावर कुठवर चढलं ते बघायचं आणि त्याप्रमाणे चाक फिरवायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही, आणि फावल्या वेळात घरी येऊन आत्याशी वाद घातला. पातेलं कुठे ठेवावं इथपासून चंद्र आज किती वाजता उगवेल इथपर्यंत. त्या घरात भांडण म्हणजे रेडिओ होता. आवाज आला नाही की शेजारी विचारायला येत, सगळं ठीक आहे ना?

मग आतोबांची किडनी गेली, आणि रेडिओ बंद पडला.

आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, त्यांना इस्पितळात जाऊन चार तास खुर्चीत पडून राहावं लागे. हातात दोन सुया, शेजारी मशीन, अंगातलं रक्त बाहेर जातंय, धुतलं जाऊन परत येतंय. आत्यानं पहिल्या दिवशी ते बघितलं आणि सिस्टरला म्हटलं, "म्हणजे तुमचीपण लाँड्रीच की." बाकी सगळं जमण्यासारखं होतं. जमत नव्हतं ते पाणी. दिवसाला मोजून पाणी मिळायचं, चहा-आमटी त्यातच धरून. ज्या माणसानं जन्मभर नुसतं चाक फिरवून शेतंच्या शेतं भिजवली, त्याला आता औषधाच्या गोळीबरोबर किती घोट घेतले याचा जाब द्यावा लागत होता. आतोबा त्यावरही भांडले असते तर बरं झालं असतं. ते काहीच बोलेनात. आणि एका संध्याकाळी म्हणाले, "आता मी जाणार नाही."

मी तिथेच होतो.

"दुखतं का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"सिस्टर ओरडते?"

"नाही. चांगली आहे ती."

"मग?"

"समोर भिंत आहे."

"अहो, भिंत सगळ्यांच्याच समोर असते."

"माझ्यासमोर पाणी असायचं," आतोबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

न जाण्याचा अर्थ काय होतो, ते डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या अर्थाला फार दिवस लागत नाहीत. आत्या थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. बनियन खांद्यापाशी विरलेली होती. मग म्हणाली, "तुमच्या भिंतीचं मी बघते. ते होईपर्यंत जा."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा."

"ठरलं," आतोबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "ते लागलं की मी ठरवणार. मग मधे बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्टुडिओत आली. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक निळा पडदा आणि ज्यांना हसायचं नसतं अशा लोकांसाठी एक स्टूल. म्हणाली, केबिनच्या खिडकीतून दिसतं तसं पाणी काढून दे, भिंतीएवढं. मी म्हटलं, त्यात काय, मोठा फोटो काढतो, लॅमिनेशन करून देतो, पुसायलाही सोपा.

"फोटो एकदा बघितला की संपतो," ती म्हणाली. "ह्यांना चार तास काढायचेत. कापडाचं काहीतरी सांग. कापडात बघायला उरतं."

कापडाचं एक मला येत होतं. कापडावर दोन औषधांचं मिश्रण अंधाऱ्या खोलीत लावायचं, अंधारातच वाळवायचं, त्यावर फोटोची फिल्म ठेवायची, वर काच, आणि उन्हात धरायचं. जिथे ऊन पोचतं तिथे कापड निळं होतं. मग नुसत्या पाण्यात धुवायचं. ऊन न लागलेलं औषध हिरवट-पिवळं होऊन वाहून जातं आणि निळा फोटो राहतो. कुठल्याशा शिबिरात शिकलो होतो. त्या जोरावर पानाफुलांचे हातरुमाल केले होते. ते एकाही माणसानं विकत घेतले नाहीत. माझ्या घरी मात्र अजून कोणाला सर्दी झाली की निळं पान निघतं.

केबिनमध्ये आता नवा माणूस आहे. तो चाक फिरवत नाही, बटण दाबतो. त्यानं मला खिडकीशी उभं राहू दिलं. मी फक्त पाणी घेतलं. ना काठ, ना आकाश. खांब, खांबाची गढूळ पाण्यावर पडलेली सावली, आणि खांबाला आपटून पुढे पाण्याला फुटलेली फेसाळ शेपटी. फिल्म छापून आणली, लाँड्रीच्या गच्चीवर कापड पसरलं, आणि पुढे मी काय केलं ते सांगून झालंय. धुतलं लाँड्रीच्याच हौदात. हौदातलं पाणी आधी पिवळं, मग हिरवं, मग निळसर झालं आणि लाँड्रीवाला कपाळाला हात लावून उभा राहिला.

"रफूवाली, उद्या माझ्या गिऱ्हाइकांचे पांढरे शर्ट निळे आले तर काय सांगू?"

"सांगा, नीळ फुकट दिली."

हौदात ते कापड हलत होतं तेव्हा खरं पाणी कुठलं आणि कापडातलं कुठलं, ते क्षणभर कळेना. मला वाटलं, इथेच थांबावं, झालं काम. आत्यानं कापड पिळलं, झटकलं आणि म्हणाली, "आता मला दोरा लागेल."

बाजारातला दोरा तिला चालणार नव्हता, आणि पाण्याला आतली दुमड नसते. तिनं वरच्या फळीवरचं गाठोडं मागितलं. कपडे धुवायला टाकून विसरून गेलेल्या लोकांचं ते गाठोडं. कोणाचा पांढरा शर्ट, कोणाची राखी पँट, एक फिकट निळी परकराची किनार. लाँड्रीवाल्यानं ते काढून दिलं. "घ्या. कोणी मालक उगवलाच तर सांगेन, तुमचा शर्ट कालव्यात गेला."

ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसे, आणि संध्याकाळी घरी. शर्टांच्या दुमडीतून पांढरे धागे उसवून फेसात विणायचे, राखी धागे खांबाच्या सावलीत. सगळं तिच्या सवयीप्रमाणे उलट्या बाजूनं. कापड पातळ होतं, निळा रंग मागपर्यंत उतरला होता, त्यामुळे तिला मागून चित्र दिसे. आणि उलट्या चित्राची उलटी बाजू सुलट असते. तिच्या मांडीवर कालवा बरोबर वाहत होता. मी समोर बसून फिल्मचा गाढवपणा बघू शकलो असतो, पण मी कापडाकडे बघतच नव्हतो, टाके शोधत होतो. ते सापडत नव्हते.

"आत्या, एवढं विणलंस, आणि दिसत काहीच नाही."

"मग बरोबर आहे."

"अगं, पण हे भोक नाही. हे दिसायला पाहिजे."

तिनं कापड उलटून सुलट बाजूवर हात फिरवला. जन्मभर एकही टाका न दिसू देणाऱ्या बाईला मी टाका दाखव म्हणत होतो. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर फेसाच्या जागी पांढरे धागे तिनं बोटभर सैल सोडले होते. वारा आला की हलत. तिचा चेहरा भर सभेत गाणं म्हणायला उभं केल्यासारखा झाला होता. "झालं तुझ्या मनासारखं?" म्हणाली. "मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं बघितलं असतं तर खुर्ची काढून घेतली असती माझी."

कापड पुरं झालं तेव्हा तिला एकदम उत्साह वाटायला हवा होता. तो वाटला नाही, कारण पुरं झालं म्हणजे आतोबांचं आता ठरायचं होतं. एक कोपरा ती उगाच परत परत बघत राहिली. पण कबूल केलं ते केलं.

इस्पितळात सिस्टरनं कापड बघितलं आणि आत्याला बाजूला घेतलं. "मावशी, सुंदर आहे. पण हे इथे? इथल्या प्रत्येकाला तहान लागलेली असते. मी त्यांना बर्फाचा खडा मोजून देते. आणि तुम्ही समोर कालवा लावणार?"

आत्याला हे सुचलंच नव्हतं. मलाही नाही. आम्ही दोघं दारात कापडाची गुंडाळी धरून उभे राहिलो. आतोबांच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस कंडक्टर असतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा आवाज अजून बसच्या मागच्या सीटपर्यंत जाईल असा आहे.

"सिस्टर, लावू द्या. कालव्याचं पाणी पितं कोण?"

"तुम्हाला त्रास होईल, काका."

"त्रास भिंतीचा होतो. ती पिस्ता रंगाची आहे. मला पिस्ता आवडायचा, तोही तुम्ही बंद केलाय."

हशा झाला. सिस्टरनं धुळीचा मुद्दा काढला. दर पंधरवड्याला मी स्वतः धुऊन आणीन, आत्यानं सांगितलं. धुण्याच्या बाबतीत तिच्याशी कोण वाद घालणार? वॉर्डबॉयनं स्टूल आणलं, मी दांडी लावली आणि कापड सोडलं.

पहिल्यांदाच ते पुरं, सुलट, उभं दिसत होतं. कोणीतरी "वा" म्हणालं. फोटो छान आहे, असं म्हणालं. आत्या आतोबांकडे बघत होती. आतोबांनी उशीवरून मान जराशी उचलली, बघितलं, परत बघितलं.

"पाणी उलटं चाललंय," ते म्हणाले.

मी खांबाच्या शेपटीकडे बघितलं. ती डावीकडे होती.

आत्यानंही बघितलं. तिनं हाताच्या बोटानं हवेत एकदा कापड उलटवून बघितलं, मागून पुढे. तिला सगळं कळायला तेवढंच लागलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उलटं नाही. समोरच्या काठावरून काढलाय."

"समोरच्या?" आतोबा कोपरावर उठायला लागले. सिस्टर ओरडली, हात हलवू नका. "समोर नुसती काटेरी झुडपं आहेत. तिकडे कोणी जात नाही."

"तुम्ही जात नाही. म्हणून कोणी जात नाही?"

"मी इतकी वर्षं तिथे बसलोय."

"ह्या काठावर बसलात. त्या काठावरून तुमचं पाणी कसं दिसतं ते बघितलंत का कधी?"

"पाणी पाणीच असतं."

"मग उलटं कशाला म्हणता?"

कंडक्टर खुर्चीत सरसावून बसले. मी बाहेर व्हरांड्यात आलो. थोड्या वेळानं आत्या आली.

"आत्या, चूक माझी आहे. फिल्म उलटी पडली. मी नवं करून देतो. नाहीतर सरळ कापड फिरवून लावू, मागची बाजू पुढे, पाणी आपोआप बरोबर—"

"उलटी बाजू लोकांना दाखवू? डोकं फिरलंय का तुझं?" मग तिनं दाराच्या काचेतून आत बघितलं. आतोबा मोकळ्या हातानं कंडक्टरांना काहीतरी समजावून सांगत होते. "गप्प बस जरा. किती दिवसांनी भांडले ते."

त्या दिवशी घरी जाताना आतोबा ठरवणार होते. ते ठरवायचं विसरले. रिक्षात पूर्ण वेळ बोलत होते: त्या काठाला उतार आहे, माणूस उभाच राहू शकत नाही, फोटो कसा काढेल. शनिवारी ते आत्याच्या आधी तयार होऊन बसले, कारण त्यांना आठवलं होतं की समोर पूर्वी एक रोपवाटिका होती आणि तिला कुंपण होतं. आत्या म्हणाली, कुंपणाला दार असतं. पुढच्या बुधवारपर्यंत वॉर्डात दोन तट पडले. कंडक्टर आतोबांच्या बाजूनं. पलीकडच्या खुर्चीतल्या शिक्षिकाबाई आत्याच्या बाजूनं, कारण त्यांना आतोबांचा आवाज आवडत नसे. सिस्टरनं सांगितलं, माझं मत विचारू नका, मला ब्लडप्रेशर मोजू द्या. पण सुई टोचताना तीच म्हणायची, "काका, बघा तिकडे, आज कुठल्या बाजूला चाललंय?" आणि आतोबा तिकडे बघायचे.

टाके मात्र अजून कोणाला दिसलेले नव्हते. पंख्याच्या वाऱ्यानं फेस हलायचा, लोकांना वाटायचं फोटोच तसा आहे. एकदा शिक्षिकाबाई म्हणाल्या, "हा कुठल्या कॅमेऱ्यानं काढलाय?" मी काही बोलणार तेवढ्यात आत्यानं माझ्या पायावर पाय दिला. अशा वेळी ती फार सुखी दिसते.

शेवटी आतोबांनी तोड काढली. "मला समोरच्या काठावर घेऊन चला. डोळ्यांनी बघतो."

डॉक्टरांनी सांगितलं, वजन काबूत ठेवा, दोन खेपांच्या मधे अंगात पाणी जास्त साठू देऊ नका, मग खुशाल जा. आत्यानं आधी हेच हजारदा सांगितलं होतं, तेव्हा ते ऐकू येत नव्हतं. आता आतोबा स्वतःच पेला डोळ्यांसमोर धरून पाण्याची पातळी बघायचे, कालव्याच्या खांबाकडे बघायचे तशी. वजनाचा काटा हळूहळू जागेवर आला.

एका रविवारी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. रोपवाटिका अजून होती, कुंपण होतं, कुंपणाला दारही होतं. आत्यानं आतोबांकडे नुसतं बघितलं. माळी एकटाच होता. म्हातारा माणूस आलेला बघून त्यानं आतून खुर्ची आणली, काठाशी सपाट जागा बघून मांडली, आणि न विचारताच एक ग्लास पाणी आणून आतोबांच्या हातात दिलं. आपल्याकडे... म्हणजे कुठेही, दारात आलेल्याला माणूस पाणीच देतो. आतोबांनी ग्लास घेतला. आत्या त्यांच्याकडे बघत होती. सकाळचा वाटा घरीच संपला होता.

"नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल," आतोबा म्हणाले.

"त्याला मी सांगते."

"अर्धा. उद्याच्यातून वजा कर." आणि ते बरोबर अर्धा ग्लास प्यायले, सावकाश, मग उरलेलं त्यांनी एका कुंडीत ओतलं.

समोर कालवा होता. पाणी उजवीकडून डावीकडे चाललं होतं. खांबाची शेपटी डावीकडे होती, कापडात होती तशीच. आतोबा बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता हरले म्हणतील. पण ते पाण्याकडे बघतच नव्हते, पाण्यापलीकडे बघत होते. तिकडे पत्र्याची केबिन होती, तिची खिडकी होती, आणि खिडकीत तो बटणवाला काहीतरी खात बसला होता.

"एवढीशीच होती ती?" आतोबा म्हणाले.

"मला तर तेवढीच दिसायची," आत्या म्हणाली. "डबा घेऊन यायची तेव्हा."

"तू ह्या बाजूनं कधी आलीस?"

"पुलावरून यायची ना. पुलावरून आधी हीच बाजू लागते." हे खरं की तेवढ्यापुरतं, मला माहीत नाही. मग तिची नजर माळ्याच्या कोपराकडे गेली. त्याच्या शर्टाला तारेनं ओरबाडून भलंमोठं भोक पडलं होतं. "हा शर्ट इतका फाटेपर्यंत कसा घातलात?" म्हणत ती उठली आणि त्याला बाही वर करायला लावून उजेडात बघायला लागली. माळी संकोचून मागे मागे सरकत होता आणि ती त्याच्यामागून चालली होती.

ती जरा लांब गेल्यावर आतोबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सावली बघ."

"कुठली?"

"खांबाची, गाढवा. कुठे पडलीय?"

खांबाची सावली पाण्यावर आमच्याकडे येत होती.

"या दिवसांत ती ह्याच काठाकडे पडते. मी केबिनमधून बघायचो तेव्हा ती माझ्यापासून लांब जायची. तुझ्या कापडात कुठे जाते?"

मी डोळ्यांसमोर कापड आणलं. राखी धागे खांबापासून वर, लांब गेलेले होते.

"लांब," मी म्हणालो.

"म्हणजे फोटो केबिनमधूनच काढलाय आणि उलटा छापलाय. तू छापलायस. बरोबर?"

"बरोबर."

आतोबा खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी आजारपणाच्या आधीही बघितला नव्हता. मी म्हटलं, आत्याला हाक मारू का?

"अजिबात नाही. आत्ता सांगितलं तर इथेच संपेल." त्यांनी लांब आत्याकडे बघितलं, ती माळ्याच्या बाहीत बोट घालून त्याला काहीतरी दाखवत होती. "बुधवारी सांगतो. चार तास काढायचे असतात तिथे. आणि कंडक्टरही पाहिजेत समोर."

बुधवारी त्यांनी सांगितलं. आत्या म्हणाली, फोटो पहाटे काढला होता, पहाटे सावल्या कशाही पडतात. आतोबा म्हणाले, पहाटे म्हणजे किती वाजता? हे प्रकरण अजून चालू आहे. कापड दर पंधरवड्याला लाँड्रीत येतं, हौदात निळं पाणी होत नाही आता, आणि आत्या ते वाळवून, फेस बोटांनी मोकळा करून परत नेते. माळ्याचा शर्ट तिनं रफू करून पाठवला. त्याचा निरोप आला की शर्ट बदललाय, माझा तो फाटका परत द्या.

राहिला तो अर्धा ग्लास. सोमवारी सकाळी आत्यानं पाण्याचा वाटा काढताना आठवण केली. आतोबा म्हणाले, आज उकडतंय, उद्याच्यातून वजा कर. मंगळवारी म्हणाले, उद्या सुया आहेत, आज कशाला त्रास देतेस, परवाच्यातून कर. आत्या रोज विचारते, ते रोज एक दिवस पुढचा सांगतात. तो अर्धा ग्लास अजून फिटलेला नाही.